सात रात्रींचे जावई

अधिक महिना साधारण तीन वर्षांतून एकदा येतो आणि आला की महाराष्ट्रातला एक अगदी साधा माणूस महिनाभरासाठी देव होतो. एरवी पतपेढीत व्हाउचर तपासणारा, लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धा टेकणारा, आंघोळीला जाताना स्वतःचा टॉवेल स्वतः शोधणारा हा गृहस्थ सासुरवाडीच्या पाटावर बसला की साक्षात नारायण ठरतो. तेहतीस अनारसे, त्यावर तुपाचा दिवा, ऐपत असेल तर खाली चांदीचं ताट. पुरण भरलेले धोंडे. मागे तुपाची वाटी घेऊन उभी असलेली सासू आणि ‘जावईबापूंनी काही घेतलंच नाही’ अशी तिसऱ्या वाढीनंतरची तक्रार. या माणसानं असं काय मोठं केलंय? काही नाही. तो आला, हेच त्याचं कर्तृत्व. कॅरेबियन समुद्रात हिवाळाभर ज्या लहान आणि महागड्या बोटी फिरतात त्यांच्या माहितीपुस्तिका वाचताना हा पाट आणि ही तुपाची वाटी सारखी डोळ्यांपुढे येते. पुस्तिकेत शब्द असतो ‘लक्झरी’. तो शब्द नेमका नाही असं माझं म्हणणं आहे. संगमरवर, गालिचे, झुंबरं हा माल जमिनीवर जास्त स्वस्त आणि जास्त मोठा मिळतो. या बोटींवर दर माणशी काही हजार डॉलर घेऊन जे विकलं जातं त्याला इंग्रजीत शब्दच नाही, म्हणून बिचारे लक्झरीवर भागवतात. मराठीत शब्द आहे. तिथे जावईपण विकलं जातं. सात रात्रींचं, आगाऊ आरक्षण करून.

हे पटायला आधी मोठ्या जहाजाकडे पाहावं लागतं. २०२४ च्या जानेवारीत मायामीहून निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज सुमारे २,४८,६०० टनांचं आहे. म्हणजे टायटॅनिकच्या पाचपटीहून अधिक. एका खोलीत दोघं धरली तर ५,६१० प्रवासी, खच्चून भरलं तर ७,६००, शिवाय २,३५० कर्मचारी. सात तलाव, सहा पाण्याच्या घसरगुंड्या, वीस मजले. आकडे ऐकून छाती दडपते, पण प्रकार आपल्या ओळखीचा आहे: हे मंगल कार्यालय आहे. मुहूर्त गाठायचा, स्टेजसमोरच्या रांगेत उभं राहायचं, मग हातात ताट घेऊन दुसऱ्या रांगेत उभं राहायचं, आणि यजमान कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही तरी आइस्क्रीम दोनदा घ्यायचं. मांडलेल्या पदार्थांची ती आरास म्हणजे थेट रुखवतच. खाण्यापेक्षा बघण्यासाठी आणि बघण्यापेक्षा फोटोसाठी. तिथे पाहुण्याला तोटा नाही, पण मानही नाही. आहेराचं पाकीट मात्र जागोजागी काढावं लागतं: मद्याचं पॅकेज वेगळं, इंटरनेट वेगळं, खास उपाहारगृहात बसायचे वेगळे, फोटोचे वेगळे, आणि सेवेबद्दलची बक्षिसी रोजच्या रोज खात्यावर आपोआप चढते. कार्यालयातल्या लग्नात मजा येत नाही असं कोण म्हणेल? हजारो कुटुंबं हौसेनं जातात, पोरं घसरगुंडीवरून उतरायला तयार नसतात. फक्त तिथे कुणी कुणाचा जावई नसतो. तिथे सगळे मुलीकडचे किंवा मुलाकडचे.

आता लहान बोट घ्या. ‘सीड्रीम’ नावाच्या कंपनीच्या दोन बोटी आहेत; १९८४ आणि १९८५ मध्ये फिनलंडमध्ये ‘सी गॉडेस’ या नावानं बांधलेल्या. प्रत्येकीवर जास्तीत जास्त ११२ प्रवासी आणि सुमारे ९५ कर्मचारी. हा हिशेब नीट पाहावा. मोठ्या जहाजावर एका कर्मचाऱ्याच्या वाट्याला दोनाहून जास्त प्रवासी येतात. इथे जवळजवळ माणशी एक माणूस. इतकी माणसं एका पाहुण्यामागे असण्याचा अनुभव आपल्याकडे दोनच वेळा येतो: एकदा बारशाला आणि एकदा दिवाळसणाला. पुढचं सगळं यातूनच निघतं. पहिल्या संध्याकाळपर्यंत बारवाल्याला तुमचं नाव पाठ झालेलं असतं, दुसऱ्या सकाळपर्यंत कॉफीत दूध किती लागतं ते. तिसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीच्या खुर्चीकडे वळायच्या आत तिथे टॉवेल अंथरलेला असतो. वाटेल तेवढं खा, वाटेल ते प्या. बिल येत नाही, बक्षिसीही भाड्यातच धरलेली. रात्री वरच्या डेकवर उघड्या आकाशाखाली झोपायचं म्हटलं तर बिछाना घालून देतात, आणि नाव भरतकामानं काढलेला रात्रीचा पोशाख मिळतो. स्टीलच्या पातेल्यावर ‘चि. सौ. कां.’ कोरून घेणाऱ्या समाजाला या नावाचं मर्म वेगळं सांगायला नको. वस्तूवर नाव घातलं की ती वस्तू राहत नाही, आठवण होते. आणि हरवली तर शेजाऱ्याकडून परत मागता येते.

जावईपणाचा पहिला नियम असा की पैसा दिसता कामा नये. धोंड्याच्या महिन्यात अनारशांसाठी सासऱ्यानं सोसायटीतून काढलेलं कर्ज जावयाला कधीच कळत नाही. कळलं तर अनारसा घशात अडकेल. बोटीवर हाच नियम उलट्या बाजूनं पाळतात. इथे कर्ज असलंच तर जावयाचं असतं आणि ते त्यालाच विसरायला लावायचं असतं. सहा महिन्यांपूर्वी बँकेतून गेलेली रक्कम ही आता दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट वाटावी, म्हणून वाटेत कुठेही किंमत लिहिलेली नसते. दुसरा नियम आग्रहाचा. या बोटींवरचा सर्वांत गाजलेला विधी पाहण्यासारखा आहे. एखाद्या बेटाच्या पांढऱ्या वाळूपाशी पाहुणे कमरेइतक्या पाण्यात उभे राहतात. मग गणवेशातले वाढपी, विजारी भिजवत, लाटा अंगावर घेत, एक सर्फबोर्ड तरंगवत आणतात. त्यावर बर्फात रुतवलेली शॅम्पेन आणि स्टर्जन माशाच्या अंड्यांची डबी, म्हणजे कॅव्हियार. चमचा धातूचा चालत नाही, चव बिघडते म्हणून शिंपल्याचा. आता माशाची अंडी समुद्रकाठी उभं राहून खाणं यात मालवणच्या माणसाला नवल वाटणार नाही. तो त्याला गाबोळी म्हणतो, आणि ओळखीची कोळीण घासाघीस संपल्यावर मूठभर गाबोळी फुकटही टाकते. फरक अंड्यांत नाही, वाढण्यात आहे. जेवणारा पाटावरून उठून समुद्रात गेला, तरी वाढपी पंक्तिप्रपंच न करता त्याच्या मागे पाण्यात उतरला! आग्रहाची याहून वरची पायरी आपल्या कोणत्याही पंगतीला अजून साधलेली नाही. आपल्याकडे फार तर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी टाकतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो अभ्यासू मंडळींकडून. ते म्हणतात, यात जावईबिवई काही नाही, हा नुसता श्रीमंतीचा देखावा आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १८९९ सालीच सांगून ठेवलंय की रिकामटेकडा वर्ग खर्च करतो तो लोकांना दिसावा म्हणून. म्हणणं वजनदार आहे, पण देखाव्याला प्रेक्षक लागतात आणि या बोटीवर प्रेक्षकांचीच टंचाई आहे. सगळ्यांनी सारखेच पैसे भरलेत, सगळ्यांना तीच शॅम्पेन. कोट नाही, टाय नाही. अर्ध्या चड्डीत आणि विटक्या टोपीत वावरणं हीच इथली रीत. दागिने घालून मिरवायचं तर समोर बसलेल्या बाईच्या लॉकरमध्ये त्याहून जड दागिने असण्याचा संभव. तेव्हा व्हेब्लेनसाहेब इथे अर्धेच लागू पडतात. उरलेल्या अर्ध्यासाठी आपल्याकडे व्हेब्लेनच्या कितीतरी आधीपासून एक संस्था आहे: साडू. एका सासुरवाडीचे दोन जावई एकमेकांना संपत्ती दाखवत नाहीत, मान मोजतात. ‘तुम्हाला सोफा दिला होता का? आम्हाला पलंग.’ बोटीवरचे १११ सहप्रवासी हे असे साडू. तिथे तुमची कंपनी किती कोटींची हे विचारणं असभ्य, पण ही तुमची कितवी सफर हे विचारणं सभ्य. आणि या प्रश्नाचं उत्तर ‘पहिली’ असं देणाऱ्याकडे सगळे नवविवाहिताकडे पाहावं तसं कनवाळू नजरेनं पाहतात. कंपन्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं. त्या सदस्यांच्या रात्री मोजतात, रात्री वाढल्या की पायरी वाढवतात. जुना जावई कोणता आणि नवा कोणता याचा हिशेब घरच्या म्हातारीनं ठेवावा तसा संगणक ठेवतो. शिवाय ही क्रूझ नव्हे, यॉट आहे, हे पालुपद असतंच. आमच्यात हुंडा घेत नाहीत, मुलीच्या हौसेनं काय ते द्या, या वाक्याशी त्याचं जवळचं नातं आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी: इतके पैसे खर्चायचे तर एखाद्या उत्तम हॉटेलात जावं, बोट कशाला? कारण हॉटेलातून बाहेर पडता येतं. जावईपणाला बंदिस्तपणा लागतो. सासुरवाडीत जावयाला करण्यासारखं काही नसतं: स्वयंपाकघरात जाता येत नाही, पेपर एकदा वाचून झालेला असतो, बाहेर निघालं की मेव्हणा सोबत येतो. या सक्तीच्या रिकामपणातच मान मुरतो. शंभर मीटर लांबीच्या बोटीवर हेच होतं. पहिल्या दिवशी माणूस म्हणतो, वा, काय शांतता. दुसऱ्या दिवशी सगळे जिने चढून उतरून पाहतो. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या यादीकडे पंचांग पाहावं तसं पाहू लागतो. आणि वस्ती लहान असल्यामुळे बोटीचा वाडा होतो. चार नंबरच्या खोलीतल्यांचं बिनसलंय, त्या म्हाताऱ्यानं काल दोनदा मिठाई घेतली, ती जोडी नवराबायको नाहीच, या बातम्या चौथ्या दिवसापर्यंत वरच्या डेकवरून खालच्या डेकवर न्हाणीघराच्या नळासारख्या वाहतात. पाच हजारांच्या जहाजात माणूस अनोळखी राहू शकतो. इथे ती सोय नाही. एक गोष्ट मात्र कोणत्याही मानपानाला जुमानत नाही. हिवाळ्यात या भागात व्यापारी वारे नेटानं वाहतात, आणि लहान बोट मोठ्या जहाजापेक्षा जास्त डोलते हे शास्त्र भाड्याच्या रकमेवर ठरत नाही. ‘बोट लागणं’ हा शब्द आपल्याला कोकणच्या आगबोटीनं दिला. भाऊच्या धक्क्यावरून ट्रंका, वळकट्या आणि पोरं सांभाळत निघालेला चाकरमानी डेकवर लिंबू हुंगत जसा पडायचा, तसाच रेशमी पायजम्यावर नाव काढून घेतलेला उद्योगपती आल्याची वडी चघळत पडतो. कॅव्हियारचं त्या वेळी कुणी नावही काढत नाही.

लहानपणाचा खरा उपयोग किनाऱ्यापाशी आहे, हे मान्य करायला हवं. अजस्र जहाजांना खोल बंदर आणि लांब धक्का लागतो. लहान बोट उथळ खाडीत नांगर टाकते आणि होडीनं माणसं उतरवते. त्यामुळे तिची बेटंच वेगळी. मराठी माणसाला कॅरेबियन भूगोल आला तो क्रिकेटमधून: किंग्स्टन, ब्रिजटाउन, पोर्ट ऑफ स्पेन. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघातून पहिल्याच मालिकेत गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा काढल्या तेव्हा ही नावं आमच्याकडे तालुक्याच्या गावांसारखी बोलली जाऊ लागली. २०२४ च्या जूनमध्ये रोहित शर्माच्या संघानं ब्रिजटाउनला विश्वचषक घेतला तेव्हा उजळणी झाली. लहान बोटी बहुतेक तिथे जातात जिथे कसोटीचं मैदान मावणार नाही. व्हर्जिन बेटांतलं योस्ट व्हॅन डाइक, जिथली वस्ती सुमारे तीनशे. सेंट बार्ट्सचं गुस्ताविया: बेट फ्रेंच, पण १७८४ ते १८७८ स्वीडनकडे होतं म्हणून गावाला नाव स्वीडनच्या गुस्ताव राजाचं. बेकिया, नेव्हिस, सेंट लुशियातल्या दोन पितों सुळक्यांखालचं सूफ्रिएर. रोज पहाटे नवं बेट ताटात वाढल्यासारखं खिडकीसमोर येतं आणि संध्याकाळी उचललं जातं. ही पद्धत आधुनिक आहे असं समजू नये. १४९३ च्या नोव्हेंबरात कोलंबस सतरा जहाजं घेऊन याच बेटांच्या रांगेतून गेला. एक बेट रविवारी दिसलं म्हणून त्याचं नाव डॉमिनिका, म्हणजे रविवार, एकाला स्वतःच्या जहाजाचं नाव, एकाला भावाचं. कित्येकांवर तो उतरलासुद्धा नाही. लांबून पाहायचं, नाव घालायचं, पुढे जायचं. सात दिवसांत सहा बेटं ‘करणारा’ प्रवासी त्याचाच वारस. कोलंबसाला निदान आपण भारतात आलोय असं तरी वाटत होतं. आजच्या पाहुण्याला आपण कुठे आहोत हे रात्री उशीवर ठेवलेल्या कागदावरून कळतं.

मग प्रश्न पडतो की जावयाच्या येण्यानं गावाला काय मिळतं? समर्थक म्हणतात, लहान बोट गावाला चेंगरत नाही. खरं आहे. तीनशे वस्तीच्या बेटावर शंभर माणसं उतरली तर जत्रा होते, पाच हजार उतरली तर पूर येतो. योस्ट व्हॅन डाइकच्या व्हाइट बे किनाऱ्यावर ‘सॉगी डॉलर’, म्हणजे भिजलेला डॉलर, नावाचा बार आहे. तिथे धक्का नव्हता, नावाडी पोहून यायचे आणि ओल्या नोटा द्यायचे, म्हणून ते नाव. रम, अननस, संत्रं, नारळाची साय आणि वर किसलेलं जायफळ असं ‘पेनकिलर’ नावाचं पेय याच बारनं जगाला दिलं. नारळ आणि जायफळ एकत्र आल्यावर आपल्याकडे मोदक होतो, त्यांच्याकडे पेनकिलर. परिणाम दोन्हींचा झोपेत होतो. पण बोटीवरच्या जावयाला ओली नोट द्यायचा प्रसंग क्वचितच येतो. त्याचं जेवण बोटीतून येतं, सुरई बोटीतून येते, किनाऱ्यावर मेजवानी असली तर शेगडीसुद्धा बोटीतून उतरते. गाव मागे पडद्यासारखं असतं: छान रंगवलेलं, हवेनं हलणारं. इंधनाचा हिशेबही गावाच्या बाजूचा नाही, कारण इंजिन जितकं कमी माणसांत वाटलं जातं तितका दर माणशी धूर जास्त. आणि १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिथला वादळांचा हंगाम. तोवर बऱ्याच लहान बोटी भूमध्य समुद्राकडे निघून गेलेल्या असतात. २०१७ च्या सप्टेंबरात इर्मा वादळानं सेंट मार्टिन, सेंट बार्ट्स आणि ब्रिटिश व्हर्जिन बेटं उद्ध्वस्त केली. २०२४ च्या १ जुलैला बेरिलनं ग्रेनाडाच्या कारियाकूवर तडाखा दिला. जावई पावसापूर्वी परत जातो. कौलं घरच्यांना शाकारावी लागतात.

घरच्यांचा विषय निघालाच आहे तर माजघरातही डोकवावं, कारण तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप तिथला आहे. जावयाचा थाट म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीचं दुखणं. सासूच्या हसण्यात माया होती. या हसण्यात पगार आहे. पहाटेच्या कॉफीपासून मध्यरात्रीच्या पेल्यापर्यंत तोच चेहरा, तोच उत्साह; रविवारची सुट्टी ही कल्पना बोटीवर चढतच नाही. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानं कामाची मर्यादा घातली ती दिवसाला चौदा तास आणि आठवड्याला बहात्तर तास अशी. ही मर्यादा आहे म्हटल्यावर ती नव्हती तेव्हा काय असेल याचा अंदाज करावा. नेमणूक बहुधा सहा ते नऊ महिन्यांची, खोली पाण्याच्या पातळीजवळ, खिडकीविना. हे घर आपल्या ओळखीचं आहे, कारण जगातल्या बोटींच्या माजघरात गोवेकर पिढ्यान्‌पिढ्या आहे. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवरचे बटलर, आचारी, वाढपी हे गोव्याचे तारवटी असत. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावागावांचे ‘कूड’ त्यांच्यासाठीच निघाले, पुढचं जहाज मिळेपर्यंत ट्रंक ठेवायला आणि अंग टेकायला. रत्नागिरीचे खलाशी डेकवर आणि इंजिनात. आज क्रूझच्या नोकरीसाठी कागदपत्रांची पिशवी घेऊन मुंबईत फिरणारा मुलगा त्याच रांगेत उभा आहे. त्याची दया करून त्याचा अपमान करू नये. त्या पगारातून सालसेतपासून गुहागरपर्यंत घरं उभी राहिली, बहिणींची लग्नं झाली. ही नोकरी वाईट असती तर मागे इतके अर्ज नसते, असं उत्तर कंपन्या देतात. उत्तर अर्धं बरोबर आहे. अर्ज नोकरीच्या गोडीनं होतात की गावातल्या नोकरीच्या अभावानं, हे मात्र अर्जाच्या नमुन्यात विचारलेलं नसतं.

तर मग हे सगळं बंद करावं का? मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण बोटीवर जावईपण कुणाकुणाला मिळतं त्यात आहे. आपल्या रूढीत अधिक महिन्याचा मान जावयाचा; लेकीला लक्ष्मी म्हणतात, साडी देतात, ओटी भरतात आणि मग लक्ष्मीच उठून चटणी वाटायला जाते. नारायण पाटावर, लक्ष्मी पाट्यावर. बाईनं पंगतीला पहिल्यांदा बसावं, तिच्या ताटात न विचारता गरम पोळी पडावी आणि उठल्यावर खरकटं काढायची जबाबदारी तिच्यावर नसावी, अशी सोय परंपरेनं कुठे फारशी केलेली दिसत नाही. महागड्या बोटीनं ती केली. तिथे नवरा आणि बायको दोघंही जावई. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या आवडीनिवडी लक्षात ठेवलेल्या बाईची आवड कुणीतरी परका माणूस दोन दिवसांत लक्षात ठेवतो, तेव्हा तिला होणारा आनंद खोटा म्हणायची माझी छाती नाही. फक्त एवढ्यासाठी तिला अँटिग्वापर्यंत जावं लागावं, ही घरच्यांनी खाली मान घालण्याची गोष्ट आहे. आता जावईपण आलं की त्याबरोबर रुसणंही येतं. पूर्वी अंगठीसाठी, घड्याळासाठी, पुढे स्कूटरसाठी जावई पानावरून उठत असे. बोटीवर त्यासाठी शेवटच्या दिवशी छापील अर्ज देतात. त्यात अंड्याचं ऑम्लेट किंचित जास्त भाजलं होतं, पितोंच्या सुळक्यांवर ढग आले होते, शेजारचा साडू मोठ्यानं बोलतो, अशी दुःखं नोंदवता येतात आणि कंपनी ढगांबद्दलसुद्धा दिलगिरी व्यक्त करते.

शेवटचा आक्षेप मात्र हळवा आहे आणि त्याला टाळता येत नाही. वारंवार जाणारे लोक सांगतात की हे नुसतं सोंग नसतं. तेच कर्मचारी वर्षांमागून वर्षं भेटतात, मुलांची नावं विचारतात, निघताना दोन्हीकडचे डोळे पाणावतात. यावर माझा विश्वास आहे. एका छपराखाली आठवडाभर राहिलेल्या माणसांत काहीच न उगवणं हे अधिक अवघड. पण खऱ्या सासुरवाडीत आणि या सासुरवाडीत एक फरक राहतोच, आणि तो मायेच्या प्रमाणाचा नाही. खऱ्या सासुरवाडीत जावयाचा मान दरवर्षी थोडा थोडा कमी होत जातो. पहिल्या अधिकात चांदीचं ताट, दुसऱ्यात स्टीलचं, तिसऱ्यात अनारसे विकतचे. सासऱ्याच्या आजारपणात तो रात्री दवाखान्यात बसतो, मेव्हण्याच्या लग्नात पाण्याचे पिंप भरतो. आणि एक दिवस सासू ओट्यापाशी पाठमोरी उभी असताना म्हणते, ‘चहा झालाय, गाळून घ्या तुमचा तुम्ही; आणि कप विसळून ठेवा.’ त्या दिवशी त्याचं जावईपण संपतं आणि तो घरचा होतो. बोटीवर याच्या नेमकं उलट. तिथे रात्री वाढतात तसा मान वाढतो: शंभर रात्रींना एक पायरी, दोनशेंना दुसरी, ताट चांदीचं होतं, मग त्याहून भारी. शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, सकाळी नाश्ता करून धक्क्यावर उतरायचं. दुपारपर्यंत त्याच खाटेवर नवी चादर, पायजम्यावर नवं नाव आणि जिन्यापाशी ट्रे घेऊन उभा असलेला गोव्याचा मुलगा नव्या पाहुण्याचं नाव पाठ करत असतो. पाचशे रात्री काढलेल्या जुन्या पाहुण्याला या बोटीवर मागेल ते मिळेल. कप विसळायला मात्र त्याला कुणी कधी सांगणार नाही.